पिल्लाचं अंडं

घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला असलेल्या प्रवीणनं कुत्र्याचं महागडं पिल्लू आणलं आणि डॉक्टरनं लिहून दिलेला त्याचा खुराक फ्रिजवर चिकटवला: सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी कोंबडी-भात, गोड बंद. प्रवीणसाहेब स्वतः घड्याळ पाहून भरवायचे.

बायको दिव्यानीला सहावा महिना, अंगात रक्त कमी. सरकारी दवाखान्याकडून घरोघरी येणाऱ्या आशाताईनं तिलाही रोज अंडं सांगितलं, तेव्हा हाच मर्द म्हणाला होता, "माह्या मायनं काय अंडे खाऊन पैदा केलं मले?"

परवा दिव्यानीनं पिल्लाचं अंडं उचललं आणि नवऱ्यासमोरच खाल्लं.

"अवं, ते त्याचं होय!"

"मंग दुसरं उकडा. त्याच्या हाडाले लागते, अन् माह्या पोटातल्याले लागत नाई काऊन जी?"

आता रोज दोन अंडी उकडतात. प्रवीण गावभर सांगत फिरतो, बायकोच्या खुराकाचं आपल्यालेच सुचलं म्हणून.