पावणं आणि पांढऱ्या पेशी

पाठ केलेलं विसरतं, पाठ करताना झालेली फजिती तेवढी राहते. आमच्या तिघींच्या डोक्यात इम्युनॉलॉजी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकाराचं शास्त्र, किती उरलंय ते निकाल सांगेल, आणि तो अजून लागायचाय. तोवर भाकरी थापताना एकेक आठवतं आणि मी एकटीच हसते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तव्याकडं बघतात, मग माझ्याकडं.

आम्ही तिघी मेडिकलला दुसऱ्या वर्षात मायक्रोबायॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत नापास झालो. मलकापूरची शैला फार बोलली म्हणून, लीला रडली म्हणून आणि मी तोंडच उघडलं नाही म्हणून. मला सगळं येत होतं. पण समोरच्यानं प्रश्न विचारला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. सरांनी शेवटी विचारलं, "ऐकू येतं ना?" मी मान हलवली.

नुकतंच लग्न झालेलं. नापास झाल्याचं कळल्यावर मामंजींनी हातातला घास संपवला, पाणी प्याले आणि म्हणाले, "अजून एक डाव बघूया. न्हाई जमलं तर घरात म्हशी हायतच की."

मामंजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेनं बोलले होते.

मग मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर तिघींचा अभ्यास सुरू झाला. खाली गोठा, वर इम्युनॉलॉजी.

*

पहिल्याच दिवशी लीला अँटिजेनच्या व्याख्येत अडकली. शैला म्हणाली, "सोप्पं हाय. अँटिजेन म्हंजे पावणं."

आमच्याकडं स्टँडवर, बाजारात, कुठंही अनोळखी माणूस भेटला की तो पावणं. नातं असो, नसो.

"शरीराच्या दारात कोन तरी आलं. पांढऱ्या पेशी इचारत्यात, काय पावणं, कुठलं गाव? आपल्यातलं न्हाई म्हटलं की लागल्या मागं."

लीलानं ते वहीत उतरवून घेतलं आणि घाबरून विचारलं, "हे परीक्षेत सांगायचं?"

"सांग की. मी बी सांगतो. दोघी मिळून परत नापास होऊया."

लीला रडली. पण त्या दिवसापासून आमच्यात अँटिजेन हा शब्द बंद झाला. मला त्याचीच भीती वाटायची. माझ्या तोंडातून आधीच मोजके शब्द निघतात, त्यात नेमका हाच निघाला तर?

*

आमची थोरली म्हैस मला जवळ येऊ देत नसे. मी बादली घेऊन गेले की शेपूट तोंडावर आणि लाथ बादलीवर. मामंजींनी जी जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती, तिथंही माझी निवड होईना.

शैलानं माडीवरून बघितलं आणि निदान केलं, "म्हशीनं तुला नॉन-सेल्फ ठरवलंय. म्हंजे परकी."

दुसऱ्या दिवशी आत्तींनी आपलं जुनं लुगडं माझ्या अंगावर टाकलं. "हे नेस आनि जा. बोलू नगंस." न बोलणं मला जमतंच. म्हशीनं वास घेतला, फुस्स केलं आणि गुमान दूध दिलं.

वरून आवाज आला, "लीले, बघ. पावण्यानं कोट बदलला की बॉडी फसते!"

आत्तींनी मान वर केली. "कोन आलंय गं पावणं?"

*

अँटिबॉडीचे प्रकार पाठ होईनात, म्हणून शैलानं ते आमच्या घरातल्या माणसांना वाटून टाकले. आयजीजी म्हणजे आत्ती. जरा उशिरा येतात, पण येतात त्या कायमच्या, आणि पोटातल्या पोरापर्यंत पोचतात. आयजीई म्हणजे माझी नणंद. प्रमाण थोडं, पण पुरळ उठवते.

"आनि आयजीएम म्हंजे मामंजी," शैला मोठ्यानं म्हणाली. "आकारानं सगळ्यांत दांडगं. गडबड झाली की पयलं हजर. पन टिकत न्हाईत, लवकर जात्यात."

जिन्यात खोकला ऐकू आला. मामंजींचं डोकं वर आलं, मग मिशा.

"कोन लवकर जातंय?"

लीलाचे डोळे भरले. शैला म्हणाली, "कोन न्हाई, मामा. जंतू."

"बरं," मामंजी म्हणाले आणि एकेक पायरी मोजल्यासारखे खाली गेले. त्या रात्री जेवताना ते भाकरी जास्तीची जेवले.

*

कॉम्प्लिमेंट म्हणून रक्तातली काही प्रथिनं असतात. त्यांना नंबर आहेत, पण ती नंबरानं कामाला लागत नाहीत. एकानंतर चार, मग दोन, मग तीन. का, तर सापडली तसे नंबर पडले.

आम्ही एसटीनं मिरजेला कॉलेजात निघालो होतो. लीला खिडकीशी डोळे मिटून, मांडीवर पांढरा एप्रन घेऊन घोकत होती, "एक, चार, दोन, तीन. एक, चार, दोन, तीन."

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. जरा वेळ ऐकत उभा राहिला. एप्रनकडं बघितलं.

"डाक्टर होनार व्हय?"

"हो," लीला म्हणाली.

"मोजायला कधी शिकिवत्यात मग?"

*

कॉलेजात आमच्या सगळ्यांच्या हातावर टीबीची टेस्ट टोचली. शरीराची त्या जंतूशी जुनी ओळख असेल तर, आजार नसला तरी, दोन-तीन दिवसांनी तिथं गाठ उठते. माझ्या हाताला चांगली लाल गाठ आली. शैला पट्टीनं ती मोजत होती, पेनानं कडा आखत होती, तेवढ्यात आत्ती चहा घेऊन आल्या.

"पोरी, हातावर काय गोंदून घेतलंस?"

टीबी हा शब्द घरात काढायचा नव्हता. तो आत्तींच्या कानावर गेला असता तर पेठभर झाला असता आणि माझा अभ्यास तिथंच संपला असता. मी शैलाकडं बघितलं.

"काय न्हाई, आत्ती. शरीराला जुनं आठवतंय का ते बघतोय."

आत्तींनी चहा खाली ठेवला आणि बाही वर सारली. "मग माझं बी बघ. कपाटाची किल्ली कुठं ठेवलीय आठवंना."

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर विदर्भातून आले होते. शेजारी आमचे सर, मागच्या खेपेचेच. त्यांनी मला ओळखलं आणि पेनाला टोपण लावलं.

"सांगा, अँटिजेन म्हणजे काय?"

सगळी व्याख्या पुसली गेली. राहिला एकच शब्द. तो मी दातांमागं दाबून धरला. पंखा फिरत होता. म्हशी हायतच की, म्हशी हायतच की.

"बोला न, बाई. काहीही बोला."

"पावणं," मी म्हणाले.

"काय?"

आता माघार नव्हती. "पावणं, सर. अनोळखी माणूस. दारात आला की आधी गाव विचारायचं. आपल्यातला नसला की घर सावध होतं. पहिल्या खेपेला ओळखायला वेळ लागतो. तोच परत आला तर लांबूनच ओळखतात, कारण मेमरी सेल्स राहिलेल्या असतात." माझा आवाज मलाच ऐकू येत होता. लिम्फोसाइट झाले, अँटिबॉडी झाल्या, मी थांबेना.

आमच्या सरांनी टोपण काढलं.

बाहेरचे सर चष्मा पुसत होते. "आणि घरच्याच माणसाला कोणी पावणं समजलं तर?"

मला म्हैस आठवली.

"ऑटोइम्युनिटी, सर," मी म्हणाले. "त्यात त्या माणसाचा दोष नसतो. ओळखणाऱ्याची चूक असते."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. उलटं होतं, मला वाचता आलं नाही. "या," म्हणाले.

मी दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून हाक आली.

"अहो, जाताना तेवढं पुढचं पावणं आत पाठवा."