पत्रिकेवरून लिहिलेली बातमी

बी.ए. झाल्यावर मी बीडमधल्या एका केबलवाल्याकडे बातम्या वाचायला लागले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. टीव्हीत दिसण्याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते. स्टेशन म्हणजे तीन माणसं. मालक जाहिराती आणायचे. फोटोग्राफर मूळचा लग्नाचा, कॅमेरा त्याचाच. बाकी सगळं माझ्याकडे. बातमी लिही, वाच आणि रात्री आठ वाजता कॅसेटही तूच लाव.

लग्नसराईत कॅमेरा सकाळीच मंगल कार्यालयात जायचा. मग दिवसभरातल्या कार्यक्रमांच्या बातम्या आम्ही उजाडताच निमंत्रण पत्रिकांवरून कॅसेटवर उरकून घ्यायचो. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सगळं पत्रिकेत असायचंच. शेवटी ‘उत्साहात पार पडला’ जोडलं की झालं.

त्या दिवशी केजच्या वाटेवरच्या एका खेड्यात नळयोजनेचं उद्घाटन होतं. माझ्या मावशीचं गाव. पुढाऱ्यांनी तोटी उघडली, माता-भगिनींनी समाधान व्यक्त केलं, असं मी सकाळीच कॅमेऱ्यापुढं वाचून मोकळी झाले.

दुपारनंतर घरी आले तर मावशी दारातच बसलेली. जीपनं थेट आली होती, रिकामी घागर बरोबर घेऊन.

“झालं का उद्घाटन?”

“कशाचं उद्घाटन घेऊन बसलीस! तोटी सोडली तर नुसती हवा आली. आमी बाया आडव्या गेलो, जाब इचारला. पुढारी नारळ न फोडताच गाडीत बसला. आज सांगशीलच की तू. म्हणून तर आले बघायला.”

“ती खरंच सांगती सगळं,” आई चहा टाकता टाकता म्हणाली.

चहा न घेताच मी निघाले.

त्या दिवशी कॅमेरा ज्या लग्नात होता, तिथंच मालक पंगतीला बसले होते. मी वाकून सांगितलं, “नळाची बातमी बदलायची हाय. पाणी आलंच न्हाई.”

“त्या पुढाऱ्यांची जाहिरात आलीय. चालू दे. कोण बघायला गेलंय तिथं?”

“माझी मावशी गेलती.”

“मग मावशीला म्हणावं, उद्या येईल पाणी. बस, जिलेबी गरम हाय.”

माझ्यानं बसवेना. फोटोग्राफरला गाठलं.

“पाच मिनिटं कॅमेरा दे.”

“ताई, नवरी घास भरवायलीय. आता सोडलं तर तिचा बाप मलाच खाईल.”

नवरदेव नाव घेईना. करवल्या सोडीनात. मी दारापर्यंत जायची, रस्ता बघायची, परत यायची. कुणीतरी मला नवरीची मैत्रीण समजून अक्षता दिल्या. त्या मुठीत धरूनच फिरत होते. शेवटी नवरदेवानं नाव घेतलं, ते मी ऐकलंसुद्धा नाही.

फोटोग्राफर मोकळा झाला तसं त्याला भटारखान्यामागं नेलं, रचलेल्या खुर्च्यांपुढं उभी राहिले आणि बोलले, “नळयोजनेची तोटी उघडली, पण पाणी आलं नाही. महिलांनी पुढाऱ्यांना जाब विचारला. उद्घाटन झालेलं नाही.” मागं बँड वाजतच होता.

फोटोग्राफरनं कॅसेट काढून दिली. “लग्नाचीच हाय, ताई. दुसरी घालून भागवतो. पण हरवली तर मला गाव सोडावं लागेल.”

आठ वाजता मी सकाळची कॅसेट लावली, नळाची बातमी आली तशी बंद केली आणि लग्नाची घातली. नेमकी जागा काही सापडली नाही. आधी नवरीनं घास भरवला, मग मी दिसले.

घरी पोचले तेव्हा मावशी टीव्हीपुढंच होती. “खरं बोललीस बाई. पण ती नवरी कुणाची गं? लई लाजत होती.”

दुसऱ्या दिवशी मालक माझ्याकडे न बघताच बोलले. “मनातून तर तुला कालच काढलंय मी. पण वाचणार कोण? फोटोग्राफरला आज तीन लग्नं हायेत.” आणि पत्रिकांचा गठ्ठा पुढं सरकवला.

मी वरची पत्रिका उचलून पर्समध्ये घातली.

“कुठं निघालीस?”

“पालीला. झाडं लावणारेत म्हणे. बघून येते.”

“झाडं काय पळून जायलीत का? वाचून टाक आन् मग जा!”

मी जिना उतरले. “आठला बातम्या हायेत!” असं वरून ऐकू येत होतं.

स्टँडवर पालीची बस लागलेली होती. ड्रायव्हर नव्हता. मी बसले, उठले, परत बसले. मग खाली उतरले आणि जीप कुठून सुटतात ते विचारत सुटले.