हळदीच्या मांडवातलं नवं गाणं

शेजारी आज हळद आहे. ओल्या हळदीचा वास खिडकीतून आत आला की अजूनही मला ऐंशीच्या दशकातली बोरीवलीची ती संध्याकाळ आठवते.

माझी मावशी गायची. तिची गाणी वाजल्याशिवाय आमच्याकडे कुणाला हळद लागायची नाही. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज घोगरा झाला. त्याच आवाजात तिने कशीबशी एका गाण्याची नवी रेकॉर्ड काढली. दुकानात ती कुणी विचारेना. "हळदीत बायका नाचल्या की गाणं चाललं," असं मावशी म्हणायची. म्हणून त्या संध्याकाळी शेजारच्या हळदीत तिने स्वतःच ती रेकॉर्ड स्पीकरवाल्याच्या हातात दिली.

गाणं सुरू झालं आणि नाचणाऱ्या बायका एकेक करून खाली बसल्या, पदराने वारा घेऊ लागल्या. मांडवात मावशी एकटीच नाचत राहिली. नवरदेवाच्या आईचा हात ओढत म्हणाली, "उठ ना गं, एकदाच! तू उठलीस की सगळ्या उठतील."

"दमले गं," ती खाली बघत म्हणाली.

गाणं अर्ध्यावर असतानाच मावशी स्पीकरवाल्याकडे वळली. "काढ रे ते. माझं जुनं लाव."

तो बारीक, कोवळा आवाज मांडवभर घुमला आणि दमलेल्या सगळ्या बायका उठल्या. मावशीला मध्ये घेऊन, तिच्या गालांना हळद फासत बेभान नाचल्या. हळदीवरून तिचे अश्रू ओघळत होते.

"बघ, किती खूश झालीय," आई मला म्हणाली. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.