शुक्रवारी जिंकलेलं कार्ड

आमच्या कारखान्याच्या माळ्यावर एक खोली होती आणि ती मला हवी होती. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. खाली बाबांचे कापड विणायचे लूम, वर ती खोली. ज्यांचं बालपण भिवंडीच्या नारपोलीत गेलं त्यांना सांगायला नको, लूम चालू असले की जमिनीचं सोडा, ताटातली आमटीसुद्धा थरथरते. त्या खोलीत मी एक टेबल टाकलं, त्यावर कॉम्प्युटर मांडला आणि ठाण्याच्या क्लासमध्ये शिकलेली थ्रीडीची विद्या तिथे बसून चालवायची असं जाहीर करून टाकलं. काल्हेरकडे तेव्हा जिथे काल भात होता तिथे आज गोदाम उभं राहत होतं आणि गोदामांच्या मागे इमारती चढत होत्या. बिल्डर लोक न बांधलेले फ्लॅट विकायचे, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला त्यांच्याकडे असायचा फक्त एक गुळगुळीत रंगीत कागद. मला वाटायचं, कागद कशाला? माणसाला त्याच्या घरातून फिरवूनच आणू की.

बाबांकडे मात्र शेजारचा सुताचा व्यापारी खेटे घालत होता. त्याला गोण्या ठेवायला नेमकी तीच खोली हवी होती. बाबांनी मला एकदाच सांगितलं, "दिवालीपर्यंत तुझ्या धंद्याचा काय ता दिसू दे. नायतर खोली सुतवाल्याला." लूमच्या आवाजात आयुष्य काढलेली माणसं एक तर ओरडून बोलतात, नाहीतर बोलतच नाहीत. बाबा बोलत नसत. त्यामुळे ते एकदा म्हणाले म्हणजे ते झालंच असं घरात सगळे धरून चालायचे. मीही मनातून घाबरले होते, पण चेहऱ्यावर दाखवेन तर मी त्यांची मुलगी कसली.

क्लासमधला माझा एक मित्र होता. त्याचे वडील एसटीत कंडक्टर, आणि हा दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून उरलेल्या वेळात गेम खेळणारा. मी बनवलेली इमारत त्याने पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हा सिनेमा झाला. सिनेमा कोण बघतंय? गेम बनव. बिल्डरच्या हातात बाणाची बटणं दे. जाऊ दे त्याला बेडरूममध्ये, नाहीतर संडासात. त्याची मर्जी."

कल्पना फक्कड होती. अडचण एकच. सिनेमा आधी बनवून ठेवता येतो, गेममध्ये प्रत्येक चित्र त्या क्षणाला काढावं लागतं, आणि ते काढतं ग्राफिक्स कार्ड. माझं कार्ड स्वस्तातलं. दिवाणखान्यातून जिन्याकडे वळलं की चित्राला उचकी लागायची. बिल्डरला आपल्या जिन्यावर उचकी लागलेली कशी चालेल?

म्हणजे भारी कार्ड घेणं आलं. भारी कार्डांच्या त्या काळी दोनच कंपन्या होत्या, एकीचा रंग लाल आणि दुसरीचा हिरवा. नावं घेत नाही, त्यांचे भक्त अजूनही एकमेकांच्या अंगावर जातात. माझा मित्र लाल पक्षाचा, कारण त्याच्याकडे लाल कार्ड होतं. मी हिरव्या पक्षाची, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. सायबर कॅफेत बसून परदेशी लोकांनी केलेल्या चाचण्या वाचायच्या आणि त्याला ऐकवायच्या, असं माझं उंटावरून शेळ्या हाकणं चालायचं. तो म्हणायचा, हिरव्याच्या किमतीत लाल कार्ड येतं आणि वर एक चांगला मॉनिटर येतो. मी म्हणायचे, स्वस्तात गाढवही मिळतं. तसं पाहिलं तर माझ्या अख्ख्या कॉम्प्युटरपेक्षा ते कार्ड महाग होतं, नाकापेक्षा मोती जड. पण पक्ष एकदा घेतला की घेतला.

शेवटी मुंबईच्या एका ओळखीच्या दुकानदाराने हिरवं कार्ड थोडे दिवस वापरून बघायला दिलं. अट एवढीच की स्क्रूवरचं सील तोडायचं नाही. दोन्ही कार्डांची समोरासमोर कुस्ती लावायची ठरली आणि दिवस कुठला, हे ठरवायलाही लागलं नाही. शुक्रवार. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. रविवारी तुम्ही आलात तर गाव खडखडत असतं आणि शुक्रवारी आलात तर पाखरांचे आवाज ऐकू येतात. आमच्याकडे पाहुणे बोलवायचे ते शुक्रवारी, मुलगी दाखवायची ती शुक्रवारी, ज्याला शांतपणा लागतो ते प्रत्येक काम शुक्रवारी. तेव्हा परीक्षाही शुक्रवारी, यात आम्हा दोघांना काहीच वावगं दिसलं नाही.

आधी लाल कार्ड बसवलं. त्याची घडण उघडीवाघडी, वर एक पंखा आणि खाली धातूच्या पात्या सगळ्या डोळ्यांना दिसणाऱ्या. ते गरजायला लागलं तसं बाबा खालून विचारून गेले, "यो कसला आवाज?" मग ओव्हरक्लॉकची पाळी. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कार्डाला जास्त पळवायचं म्हणजे ओव्हरक्लॉक. लूमची पुली बदलून तो जास्त पळवतात तसंच. माल जास्त निघतो, पण किती पळवायचं ते कळलं नाही तर धागे तुटत बसतात. लाल कार्डाला मित्राने पळवलं आणि ते तव्यासारखं तापलं. अजून थोडं पळवलं तर चित्र जागच्या जागी थिजलं. मित्राचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हिरवं कार्ड म्हणजे खानदानी. सगळं अंग काळ्या बंद कवचात, एका टोकाने हवा आत घ्यायची आणि गरम हवा पेटीच्या मागून थेट बाहेर. आवाज नाही. तितकंच पळवलं तरी कोमट. अजून पळवलं, तरी जिन्यावर एक उचकी नाही. दुपारभर आम्ही त्या न बांधलेल्या इमारतीत वरखाली करत राहिलो, बाबाही एकदा दारातून डोकावून गेले. संध्याकाळी मित्राने हात जोडले, "घे बाई, तुझं हिरवं." आईने मला एका वाढदिवसाला दिलेली सोन्याच्या रिंगांची जोडी तिच्याच परवानगीने मोडली आणि मी ते कार्ड घेतलं.

शनिवारी सकाळी खाली लूम सुरू झाले.

पहिले काही दिवस गेले बरे. मग एकदा चित्रावर रंगीत ठिपके उमटले, जणू कुणी इमारतीवर गुलाल उधळला. कार्ड नेहमीच्या वेगावर आणलं की ठिपके जात, पण मग जिन्यावर उचकी लागे. वेग वाढवला की ठिपके. पंख्याचा आवाजही वाढत चालला होता, त्या खानदानी कार्डाला दम लागला होता. मित्र आला, कार्ड काढून उलटसुलट केलं आणि मागच्या फटीतून टॉर्च मारला. मग माझ्याकडे बघून हसायलाच लागला. मी सील तोडलं, म्हणजे वॉरंटी गेली, आणि कवच उघडलं. आत रुई. सुतातून उडते ती पांढरी रुई पात्यांमध्ये अशी घट्ट बसली होती की चिमटीत धरून ओढली तर पट्टीच्या पट्टी निघाली. बाहुलीची उशी भरली असती.

ज्या रुईत मी लहानाची मोठी झाले, शाळेत जाताना आई जी माझ्या वेण्यांतून वेचून काढायची, ती माझ्या डोक्यात आलीच नव्हती! परदेशी चाचण्यांत रुईचा उल्लेख नव्हता ना. मित्राचं उघडंवाघडं लाल कार्ड ब्रशने झटकलं की मोकळं व्हायचं. माझं बंद कवचाचं कार्ड दर आठवड्याला बाळंतिणीसारखं सोडवावं लागणार होतं. आणि रुई काढली तरी दुखणं अर्धंच गेलं. सगळे लूम एकदम ओढायला लागले की वरच्या खोलीतला विजेचा दाब इतका उतरायचा की स्टॅबिलायझर टकटक करत बसायचा. तशा विजेवर वाढवलेला वेग काही टिकेना. लूम बंद असतानाच चालेल असं कार्ड मी लूमच्या डोक्यावर आणून ठेवलं होतं. भिवंडीच्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली नसती.

अशातच काल्हेरच्या ज्या बिल्डरच्या इमारतीचा नकाशा घेऊन मी हे सगळं बनवलं होतं, त्यांनी यायचं कबूल केलं. मी फोनवर साखर पेरत म्हणाले, "साहेब, शुक्रवारी या ना." ते म्हणाले, "शुक्रवारी मी साइटवर. बुधवारी दुपारी येतो, जमेल तर बोला." मी म्हणाले, जमेल. दुसरं काय म्हणणार? दिवाळी तोंडावर आली होती आणि सुतवाला जिन्याची रुंदी मोजून गेला होता.

मंगळवारी कार्डातली रुई काढून आम्ही तालीम केली. ठिपके आले. वेग उतरवला, उचकी लागली. मित्र वायरी तपासत बसलेला, मी रडकुंडीला आलेली, आणि तेवढ्यात बाबा दारात. ते आत आले आणि मोटारीवर ठेवतात तसा पेटीवर हात ठेवला.

"तापली हाय," ते म्हणाले.

"हो."

"त्या दिवशी तं चांगली चालली होती. मना वाटतं शुक्रवार होता."

माझा तोल गेला. "हो, शुक्रवारी चालते! तुमचे लूम बंद असले की चालते. रुई नाही, वीज पूर्ण, सगळं झकास. उद्या शुक्रवार नाही ना बाबा, मग काय करू?"

 बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने हात पुसला आणि खाली गेले. लूम बंद करा असं मी त्यांना म्हणाले नव्हते, म्हणणारही नव्हते. आमच्याकडे शुक्रवार आणि दसऱ्याची पूजा सोडली तर लूम थांबत नसत. आजोबा गेले तेव्हासुद्धा अंत्ययात्रेपुरते थांबले आणि दुपारी चालू झाले. कारागिरांची मजुरी कापडाच्या मीटरवर, लूम थांबला की त्यांच्या घरची चूल थांबते, हे बाबांनी मला कळायला लागल्यापासून शिकवलेलं.

बुधवारी बिल्डर आले. जिना चढतानाच त्यांनी कानांवर हात ठेवले. त्यांना खुर्ची दिली, मित्राने बाणाची बटणं दाखवली. दिवाणखाना झाला, स्वयंपाकघर झालं. ते कौतुकाने मान हलवत होते आणि मी देवाचा धावा करत होते. मग ते जिन्याकडे वळले आणि चित्राला उचकी लागली. एक, मग दुसरी. "अडकतंय का हे?" त्यांनी विचारलं.

आणि खाली एक लूम थांबला. मग दुसरा. मग एकेक करत सगळे. टेबलाची थरथर पायातून निघून गेली. वीज गेली असं मला वाटलं, पण कॉम्प्युटरचा पडदा तर चालू होता. खालून एका कारागिराचा आवाज आला, "सेठ, बिजली गई क्या?" आणि मग बाबांचा, त्या शांततेत नको इतका मोठा, "बिजली नहीं गई. मैंने बंद किया. सब लोग चाय पियो, आज का पूरा पगार मेरे तरफ से."

स्टॅबिलायझरची टकटक थांबली. मित्राने माझ्याकडे पाहिलं, पुढे वाकून कार्डाचा वेग शुक्रवारी ठेवला होता तिथे नेला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आता जा वर."

साहेब वर गेले. एकही उचकी नाही. तिसऱ्या मजल्यावर गेले, गॅलरीत गेले, तिथे थांबले. मी त्या गॅलरीसमोर खाडी काढली होती, भरतीच्या वेळची.

"इथून खरंच खाडी दिसणार?"

"दिसणार," मी म्हणाले. "मी जाऊन बघून आले. तुमच्या शेजारच्या टाकीवर चढून."

ते मोठ्याने हसले. बराच वेळ गॅलरीत उभे राहिले, मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "या इमारतीचं करून द्या. चांगलं झालं तर पुढच्याही तुमच्याकडे." मित्राने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, मला तो लागलासुद्धा नाही.

आम्ही साहेबांना पोचवायला खाली उतरलो. कारागीर ओट्यावर चहा पीत बसले होते. बाबा लूमच्या स्विचबोर्डापाशी उभे, बनियनवर आणि भुवयांवर पांढरी रुई. चालू दिवशी कारखाना एवढा गप्प मी जन्मात पाहिला नव्हता. साहेबांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी विचारलं, "काय शेठ, आज सुट्टी?"

बाबांनी माझा चेहरा पाहिला. त्यांना काय ते कळलं.

"सुट्टी कसली," ते म्हणाले. "आता पोरीची शिफ्ट हाय."