डफरचा पावणा झाला

आमच्या घरात कुणी ‘डफर’ म्हटलं की ओ मी द्यायचो. वडील हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि अख्ख्या इंग्रजीतला हा एक शब्द त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता. मला पन्नाशी आली, केस गेले, माझा पोरगा नोकरीला लागला, तरी जेवताना हाक यायचीच, ‘ए डफर, मीठ सरकव हिकडं.’

वर त्या शब्दाचं मूळही सांगायचे, चारचौघांत, हातवारे करून. लंडनच्या गल्ल्यांत म्हणे पूर्वी भामटे फेरीवाले असायचे. कोटाच्या आतून हळूच कापड काढायचे आणि चोरवाटेनं आलेला भारी माल म्हणून गळ्यात मारायचे. घरी जाऊन उलगडावं तर चिंधी. त्या फेरीवाल्याला म्हणायचे डफर. पुढं खोट्या मालाला तेच नाव पडलं, मग बिनकामाच्या माणसाला. स्कॉटलंडकडं मठ्ठ माणसासाठी तसलाच एक जुना शब्द होता, कदाचित त्यावरूनही आला असेल. पण वडिलांना फेरीवालाच पसंत. ‘वरनं भारी, आत चिंधी,’ म्हणत ते माझ्याकडं बोट करायचे. लोक हसायचे, मी उठून मुजरा करायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी मी दूध घेऊन आत आलो. वडील खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडले.

‘या पावणं. बसा की.’

मला वाटलं, नवी चेष्टा. मीही ऐटीत बसलो.

‘कुठलं गाव म्हणायचं?’

‘राधानगरी,’ मी ठोकून दिलं.

‘पाऊस काय म्हणतोय?’

‘थांबतोय कुठं? भात निम्मं पाण्यात हाय.’

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. तेव्हापासून मी रोजचा पावणा. माझ्यासारख्या नाटक्याला सोंगांचा काय तोटा? सोमवारी इचलकरंजीचा यंत्रमागवाला, मंगळवारी वारणानगरच्या साखर कारखान्यातला. वडील माझी सरबराई करायचे, चहा थंड झाला तर आईवर चिडायचे. डफर मात्र पुन्हा एकदाही तोंडातून आलं नाही. परक्याला घरात बसवून असं कोण बोलेल?

परवा चहा पिता पिता मी विचारलं, ‘मुलंबाळं काय तुम्हास्नी?’

‘एक पोरगा हाय.’

‘काय करतो?’

‘काय म्हाईत. येत न्हाय हिकडं.’

माझं सोंग तिथंच गळालं. ‘आण्णा, मीच की तो. रोज येतोय न्हवं.’

वडिलांनी कप खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा पडला.

‘म्हाताऱ्या माणसाची अशी चेष्टा करू नये, पावणं.’

आईनं ताट आणलं. माझ्यावर रागावलेल्या वडिलांनी ते माझ्यापुढं सरकवलं, ‘जेवून जावा,’ एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.