दादाचा पुसलेला गोल

माझा थोरला भाऊ देशाकडून एकच आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्यात त्याने एकच गोल केला आणि तो गोल पंचांनी दिला नाही. एवढ्या भांडवलावर त्याने चाळीस वर्षं आमच्या घराला छळलं. आता तो सत्तरी ओलांडून बसला आहे, त्याला दिसत नाही, आणि मी त्याच्याशी जे वागलो ते लिहून काढतो आहे. पश्चात्ताप झाला म्हणून नाही. पश्चात्ताप झाला असता तर लिहायच्या आधी त्याला जाऊन सांगितलं असतं.

आम्ही मूळचे निफाडकडचे. वडील लवकर गेले. दादाला फुटबॉलच्या जोरावर नाशिक रोडला सरकारी नोकरी लागली, म्हणून त्याच्या मागोमाग आई आणि मी तिथल्या सरकारी कॉलनीत राहायला आलो. सगळी कॉलनी क्रिकेटवेडी, आणि त्यात हा लांब टांगांचा फुटबॉलवाला, आणि त्याच्या मागे मी. त्याची देशाच्या संघात निवड झाली तेव्हा अभिनंदनाला आलेल्यांपैकी निम्म्यांनी त्याला विचारलं की तू बॅटिंग करतोस की बोलिंग. तरी पेढे सगळ्यांनी खाल्ले.

सामना कलकत्त्याला होता. समोरचा संघ पूर्व युरोपातल्या एका देशाचा, जो आता नकाशावरही सापडत नाही. आमच्या इमारतीत टीव्ही एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांकडे. तेव्हा नाशकात टीव्हीचा मनोरा झाला नव्हता, मुंबईचं प्रक्षेपण ओढून आणावं लागे. गच्चीवर दोन पाइप जोडून अँटेना उभी केलेली असे आणि वारा आला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. कोणीतरी पाइप धरून उभं राहिल्याशिवाय चित्र टिकत नसे. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि इमारतीत सगळ्यांत उंच होतो. झालं, सख्खा भाऊ देशाकडून खेळतोय आणि मी गच्चीवर लोखंडी पाइपला मिठी मारून उभा.

खालच्या खिडकीतून कोणीतरी ओरडायचं, थोडं डावीकडे घे, बस्स, आता हलू नकोस. मी जवळजवळ सगळा सामना हललो नाही. मग एकाएकी खाली आरोळी उठली, दादाचं नाव ऐकू आलं, आणि मला राहवलं नाही. पाइप सोडून मी कठड्याकडे धावलो आणि वाकून विचारलं, काय झालं? खालून उत्तर म्हणून शिव्या आल्या. मी पाइप सोडताक्षणी पडदा मुंग्यांनी भरला होता. चित्र परत आलं तेव्हा चेंडू समोरच्या संघाकडे होता आणि समालोचक सांगत होता की गोल ऑफसाइड ठरला आहे. थोडक्यात, दादा चेंडूकडे धावला इतकंच कॉलनीने पाहिलं. पुढचं कोणीच पाहिलं नाही आणि ते पाप माझ्या माथी आलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दादा परतला तो वाट्या घेऊनच. म्हणजे स्वयंपाकघरातल्या. जो घरी येईल त्याला तो जेवायला बसवायचा, ताटातली आमटीची वाटी उचलायचा आणि म्हणायचा, हा मी. दुसरी वाटी, हा त्यांचा शेवटचा बॅक, बचाव करणारा. मिठाचा सट म्हणजे गोल. नियम असा की चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी, गोलकीपर सोडून त्यांचा निदान एक माणूस तुमच्यापेक्षा गोलच्या जवळ हवा. तेव्हा दोघं बरोबरीत असले तरी ऑफसाइड धरत. दादाचं म्हणणं, तो बॅकच्या पाऊलभर मागे होता, म्हणजे गोलपासून लांब. लाइन्समनने झेंडा चुकीचा वर केला. आंधळा होता साला. हे सांगून होईस्तोवर पाहुण्याची आमटी गार झालेली असायची. पुढे वहिनी या घरात आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिला ऑफसाइडचा नियम वटपौर्णिमेच्या कहाणीपेक्षा पक्का पाठ झाला.

त्याला पुन्हा संघात घेतलं नाही. का, ते मला माहीत नाही, पण तो सांगायचा की त्या एका झेंड्यामुळे. कॉलनी मागून हसायची. खेळता येईना, झेंडा वाकडा, असं आमच्या जिन्यात कोणीतरी खडूने लिहिलं होतं. ते अक्षर माझं होतं. कारण तोवर बुटांची गोष्ट घडून गेली होती.

सामन्याच्याच वर्षी माझी राज्याच्या ज्युनिअर संघाच्या शिबिरासाठी निवड झाली होती. मी दादापेक्षा चांगला खेळायचो. हे मी म्हणत नाही, आमच्या दोघांचे एकच प्रशिक्षक म्हणायचे. शिबिराला निघायच्या दिवशी सकाळी उठलो तर मोरीत बंब पेटलेला आणि घरभर चामडं जळल्याचा वास. दादाने माझे बूट बंबात घातले होते. तो शांतपणे म्हणाला की या खेळात न्याय नाही, त्याचं झालं ते माझं होऊ नये म्हणून त्याने हे केलं. आई म्हणाली, पाणी तापलंय, आंघोळ करून घे. आणि मी त्याच पाण्याने आंघोळ केली. शिबिराला गेलो नाही, पुढे कारकून झालो, कारकून म्हणूनच निवृत्त झालो. बुटांचा विषय आमच्यात परत कधी निघाला नाही.

दादाने मात्र आपला विषय सोडला नाही. सामन्याची टेप कुठेतरी असणारच, ती पाहिली की सगळं उघड होईल, हे त्याने डोक्यात घेतलं. मग पत्रं. सांगणार तो, लिहिणार मी, कारण माझं अक्षर चांगलं. टीव्ही केंद्राला किती पत्रं धाडली याचा हिशेब मी ठेवला नाही. खूप वर्षांनी एका सज्जन अधिकाऱ्याचं उत्तर आलं की त्या काळी टेप महाग असत, एकच टेप पुसून पुन्हा पुन्हा वापरली जाई, आणि तो सामना शिल्लक नाही. दादाने विचारलं की त्याच्यावर मग काय घेतलं असेल. मी पत्र वाचल्यासारखं करून म्हणालो, कांदा चाळीत कसा साठवावा याचा कार्यक्रम. ही शुद्ध थाप होती. पण दादाने ती खरी धरली आणि सहा महिने कांदा खाल्ला नाही. नाशिक जिल्ह्यात राहून कांदा न खाणारा तो एकटाच असेल. मला त्या सहा महिन्यांत फार बरं वाटलं.

नंतर त्याला काचबिंदू झाला. डॉक्टरने थेंब दिले, ते त्याने घातले नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसला माणूस. बघता बघता एक डोळा गेला आणि दोन वर्षांपूर्वी दुसराही. कॉलनीतल्या जुन्या मंडळींनी लगेच म्हणून घेतलं की लाइन्समनचा शाप लागला. मीही हसलो.

आणि नेमकी तेव्हा टेप सापडली. कलकत्त्याचे एक गृहस्थ जुन्या सामन्यांच्या हरवलेल्या चित्रफितींचा शोध घेत असतात, त्यांना मी दादाच्या आग्रहावरून कधीतरी लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की आपल्याकडची टेप गेली, पण त्या पूर्व युरोपातल्या देशाने आपल्यापुरती एक प्रत नेली होती. देश मोडला, प्रत राहिली. शेवटची अकरा मिनिटं त्यांच्या हाती लागली होती, दादाचा गोल त्यात होता, आणि त्यांनी फाईल पाठवली होती. मी दादाला सांगितलं तर त्याने माझं मनगट धरलं. एकट्याने बघायची नाय, म्हणाला. माझ्यापुढंच लाव.

दुपारची वेळ होती. दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप ठेवला. वहिनी माझ्या मागे खुर्ची ओढून मेथी निवडत बसली होती. चित्र बरंच स्वच्छ होतं. समालोचन कुठल्या भाषेत होतं कोण जाणे, आम्हा तिघांनाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. दादा मान वाकडी करून प्रेक्षकांचा आवाज ऐकत होता. आवाज चढला तसा तो म्हणाला, आता डावीकडून चेंडू येईल. चेंडू डावीकडूनच आला.

चेंडू निघाला तेव्हा दादा त्यांच्या बॅकच्या मागे होता. पाऊलभर नाही, चांगला दीड पाऊल. मी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. शंकेला जागाच नव्हती, गोल खरा होता. मग त्याने उडी मारून डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि दोन्ही हात वर करून पळत सुटला. एवढ्या आनंदात मी त्याला जन्मात पाहिलेला नाही. मग तो थांबला, वळून झेंड्याकडे पाहिलं, आणि हात हळूहळू खाली आले.

"बोल," दादा म्हणाला.

"ऑफसाइड होतं, दादा. दोन पावलं पुढे होतास."

मला तेव्हा बंब आठवला असं लिहिलं असतं तर ते शोभून दिसलं असतं. पण बंब नंतर आठवला. शब्द आधी तोंडातून गेला, आणि गेल्यावर परत घ्यावा असं मला वाटलं नाही.

दादा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे त्या माणसाचं बरोबर होतं. मी उगाच लोकांच्या नावानं खडे फोडत बसलो." आणि थोड्या वेळाने, माझ्या आवाजाच्या रोखाने तोंड करून, "मग तुझे बूट बी उगाच जाळले रे. चुकलं माझं."

चाळीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. आलं ते असं, माझ्याच खोट्याच्या पोटी. मी लॅपटॉप बंद केला आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. वहिनी मेथीचं ताट घेऊन मागोमाग आली. तिने सगळं पाहिलं होतं, आणि तो नियम तिच्याइतका कोणाला कळतो? मला वाटलं आता ती माझं थोबाड रंगवणार. ती हळू आवाजात म्हणाली, "बरं केलं भाऊजी. आता तरी वाट्या ताटात राहतील." आणि मेथी धुवायला लागली. या बाईचे किती दिवस वाट्यांपायी गेले असतील, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

पण वाट्या काही ताटात राहिल्या नाहीत. दादा मला रोज दुपारी बोलावू लागला. ती अकरा मिनिटं लावायची, तो ऐकणार, आवाज चढला की विचारणार, आत्ता? मी म्हणायचं, आत्ता. किती पुढं? दोन पावलं. त्याला त्यात काय मिळत होतं कोण जाणे. रोज तेच खोटं बोलायचा मला कंटाळा आला. खोटं एकदा बोलणं सोपं असतं, हे काम नोकरीसारखं झालं होतं. एके दिवशी माझं लक्ष नव्हतं आणि मी म्हणून गेलो, पाऊलभर.

"काल दोन होती," दादा म्हणाला.

मी म्हणालो, दोनच, दोनच. वहिनीने तेवढ्यात जेवायला वाढायला घेतलं होतं. दादाने चाचपत दोन रिकाम्या वाट्या घेतल्या. एक आपल्यासमोर ठेवली, मिठाचा सट पुढे सरकवला आणि दुसरी वाटी माझ्या हातात दिली. "हा त्यांचा बॅक. हा मी. ठेव मला, जिथं होतो तिथं."

वहिनी पळी हातात धरून उभी राहिली. मी वाटी हातात धरली होती. बॅकच्या मागे ती ठेवायला काहीच लागत नव्हतं, हात थोडा मागे घ्यायचा. मी वाटी पुढे ठेवली, चांगली वीतभर. दादाने दोन्ही वाट्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. एकदा मोजलं, परत मोजलं.

"एवढा पुढं असतो तर मीच थांबलो असतो," तो म्हणाला. "मी तर हात वर करून पळालो. तू पाहिलंस ना मला पळताना?"

"पाहिलं."

तो हसला. त्याला हसताना पाहून मला भीती वाटली. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बुटांचं बोललो ना त्या दिवशी, ते मी परत घेतो." आणि मी पुढे ठेवलेली वाटी उचलून त्याने वहिनीच्या दिशेने धरली. "वाढ."

वहिनीने त्यात आमटी वाढली. त्याने पुढे काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही, आणि त्या घरात मी पहिल्यांदाच गरम आमटी खाल्ली.