ऑपरेशनच्या सकाळचं दही

गेली कित्येक वर्षं मी ब्लाउज शिवते. नारायण पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं छोटंसं दुकान आहे आणि घर सदाशिव पेठेत, चालत जाण्याच्या अंतरावर. धंदाच असा, की समोर बाई उभी राहिली की मला आधी तिचं माप दिसतं आणि मग चेहरा. लग्नाला गेले तरी नवरीच्या मेकअपकडे माझं लक्ष नसतं, बाही खांद्यावर नीट बसलीय का ते मी बघत असते. "ताई, जरा बारीक दिसेन असं शिवा ना," असं कुणी म्हणालं की मी सांगते, "मी कापड बेतते हो, माणसं बेतत नाही." काही गिऱ्हाइकं रागावून जातात आणि पुढच्या लग्नसराईत मुकाट्याने परत येतात.

स्वतःच्या पोटाबद्दल मात्र माझी बोलती बंद व्हायची. दोन मुलं, दोन्ही सिझेरियन, आणि नंतर दिवसभर मशीनवर बसणं. मग सारसबागेला फेऱ्या झाल्या, योगासनं झाली, रात्रीचा भात सुटला. दंड बारीक झाले, गाल आत गेले, शेजारच्या बाईंनी "आजारी होतात का?" असं विचारून घेतलं, पण बेंबीखालचं पोट जिथल्या तिथे. पेठेतल्या जुन्या भाडेकरूसारखं ते जागा सोडायलाच तयार नव्हतं. जगाला मापात बसवणारी मी स्वतःसाठी मात्र सैल कुडते शिवत होते, आणि पन्नाशी ओलांडल्यावर मला त्याचा चक्क कंटाळा आला.

लायपोसक्शन, म्हणजे नळीने पोटाची चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, करून घेते असं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. "पोट तुझं आहे," तो म्हणाला. "मला आहे तसं चालतंय, पण माझ्या मताने तू थांबणार नाहीस हेही मला माहीत आहे. फक्त आईला तुझं तू सांग."

खरी अडचण तीच होती. सासूबाई आमच्याबरोबर राहतात. ऐंशीच्या घरातल्या, काटक, आणि जिभेला अशी धार की भाजी चिरायला वेगळी विळी नको. लग्नानंतर मी पहिली पुरणपोळी केली तेव्हा त्यांनी ती हातात धरून बघितली होती आणि म्हणाल्या होत्या, "टिकाऊ झालीय." माझं स्कूटर चालवणं, माझी केसांची क्लिप, माझं दुपारी झोपणं, सगळ्यावर त्यांची टिप्पणी तयार असते. आता 'खायचं तोंडाने आणि काढायचं मशीनने' असलं काहीतरी मला उरलेलं आयुष्य ऐकावं लागणार, हे मी धरूनच चालले होते. ऑपरेशनच्या सुईची मला फारशी भीती नव्हती. आईंनी मला हसू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी त्यांना सांगितलं, "पोटाचं छोटं ऑपरेशन आहे."

"हर्निया असणार," त्या लगेच म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनाही होता." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले.

डॉक्टर शोधायला मी कापड घेते तशीच हिंडले. एका ठिकाणी ब्यूटी पार्लरच्या वरच्या मजल्यावर पाटी होती, सणानिमित्त खास सवलत, पोट आणि मांड्या एकदम. भूल कोण देणार, असं मी विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, "त्याचं टेन्शन घेऊ नका मॅडम, सगळं होऊन जातं." मी जिना उतरून खाली आले. सगळं होऊन जातं असं सांगणाऱ्याकडे मी अस्तरसुद्धा टाकत नाही. शेवटी ज्या डॉक्टरीणबाई पसंत पडल्या त्या रीतसर प्लास्टिक सर्जरी शिकलेल्या होत्या, ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात करत होत्या, आणि मुख्य म्हणजे त्यांनी मला लगेच हो म्हटलं नाही.

"तुम्हाला काय होईल असं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"वजन उतरेल."

"नाही उतरणार. काट्याला कळलंच तर थोडंसं. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, आकार सुधारायचं आहे." मग त्यांनी मला झोपवून, उभं करून, पोटाची चिमूट धरून बघितली. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी, ती निघते. आत आतड्यांभोवती असते तिला ही नळी पोचत नाही, तिला व्यायाम आणि जेवणच. आणि आतलं भरण काढल्यावर वरची कातडी किती आवळेल, हे वयावर आणि कातडीवर अवलंबून. "थोडी सैल राहील," त्या म्हणाल्या. "अगदी सपाट हवं असेल तर ते वेगळं, मोठं ऑपरेशन. तुम्हाला थोडी सैल चालणार असेल तरच पुढे बोलू." उशीतला कापूस काढला की अभ्रा ढगळ होतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मी चालेल म्हटलं.

पुढचं त्यांनी हातचं न राखता सांगितलं. पहिल्या एकदोन दिवसांत बारीक छिद्रांतून लालसर पाणी झिरपेल, अंथरूण खराब होईल, घाबरायचं नाही. सूज येईल, निळंजांभळं होईल, काही जागा बधिर राहतील, काही ठिकाणी गाठीगाठी लागतील. काही आठवडे आवळ पट्टा घालून राहायचं आणि खरा आकार दिसायला काही महिने थांबायचं. घरी आल्यावर अंथरुणाला खिळून राहायचं नाही, हळूहळू चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी दुखून सुजली, धाप लागली, छातीत दुखलं किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. आणि नंतर वजन वाढलं तर चरबी परत येणार, कदाचित पाठीवर, कदाचित दंडावर.

"औषधं कोणती चालू आहेत?"

"कसलीच नाहीत," मी म्हणाले.

"काढे? चूर्णं? होमिओपॅथी?"

ती मला औषधं वाटतच नव्हती. गुडघ्यांसाठी वैद्यांच्या गोळ्या, सर्दीला साबुदाण्याच्या गोळ्या, आणि मंडईतून आणून रोज अनशापोटी चावलेला लसूण. डॉक्टरीणबाईंनी डोकं हातात धरलं. यातल्या कशाकशाने रक्त पातळ होतं, कशाकशाचं भुलीच्या औषधाशी जमत नाही. त्यांनी सांगितलं ते सगळं मी त्यांच्यासमोर बंद करायचं कबूल केलं. मग शेवटचं: ऑपरेशनच्या आदल्या रात्रीनंतर अन्न नाही, दूध नाही, चहा नाही. साधं पाणीसुद्धा त्यांनी ठरवून दिलेल्या वेळेपर्यंतच. मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

ठरल्या दिवशी मी काटेकोर उपाशी होते. चहाचा वास आला तरी नाक फिरवलं. नवरा रिक्षा थांबवून खाली उभा होता. मी चपला घालत होते आणि दारात आई उभ्या होत्या, हातात वाटी. आमच्याकडे परीक्षेला, मुलाखतीला, लांबच्या प्रवासाला, कुठल्याही कामगिरीवर निघणाऱ्या माणसाच्या हातावर दही-साखर पडते. माझ्या मुलांच्या दहावी-बारावीच्या प्रत्येक पेपरला पडली आहे. माझा उजवा हात आपोआप पुढे झाला. काम मोठं म्हणून दहीही भरपूर होतं. मी ते खाल्लं, वाकून नमस्कार केला आणि आम्ही तिघं रिक्षात बसलो.

हॉस्पिटलात मला तो पाठीमागे नाड्यांचा झगा दिला. झग्याची शिलाई बघून मी तोंड वाकडं करते आहे तोवर भूल देणारे डॉक्टर आले. तरुण होते, हसतमुख.

"काही खाल्लंय, प्यायलंय?"

"काही नाही."

"चहा? बिस्कीट? एखादी गोळी?"

"काहीच नाही हो." मी अगदी मनापासून सांगत होते.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई म्हणाल्या, "कडकडीत उपाशी आहे ती. निघताना दही-साखर तेवढी दिली मी हातावर."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "दही खाल्लं?"

"ते खाणं थोडंच असतं?" आई आणि मी एकदमच म्हणालो. खिडकीशी उभा असलेला नवरा रस्त्याकडे बघायला लागला.

डॉक्टर हसले नाहीत. स्टूल ओढून आमच्यासमोर बसले. भूल दिली की घसा स्वतःची राखण करायचं विसरतो, ते म्हणाले. पोटात काही असेल तर ते वर येतं आणि श्वासनलिकेत उतरू शकतं, फुप्फुसात जातं. माणूस त्याने जाऊ शकतो. "शकुनाचं दही आणि वाटीतलं दही यातला फरक पोटाला कळत नाही, आजी. आज ऑपरेशन होणार नाही."

आईंचा चेहरा उतरला. हात मांडीवर घट्ट धरून त्या म्हणाल्या, "अहो पण हर्निया आहे तिला. थांबून काही झालं म्हणजे? माझ्या चमचाभर दह्यापायी हिच्या जिवाला काही झालं म्हणजे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं की नाही, ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. आई इतक्या घाबरलेल्या मी सासऱ्यांच्या आजारपणानंतर बघितल्या नव्हत्या. मला गप्प राहवेना.

"आई, हर्निया नाहीये. पोटाची चरबी काढून घेतेय मी. थांबलं तरी काही होत नाही."

त्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे घाई नाही. मग पुढच्या आठवड्यात करा."

घरी येताना रिक्षात आई हसल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्यांचं गप्प बसणं मला सोसेना. घरी आल्यावर त्यांनी पोहे केले, बशी माझ्यासमोर ठेवली आणि "आता खा," एवढंच म्हणून खोलीत गेल्या. त्या हसतील याची तयारी मी केली होती, त्या दुखावतील याची नाही.

नवी तारीख घ्यायला जाताना त्या स्वतःहून बरोबर आल्या. आता सगळं मोडीत काढणार, असं मी समजले. डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "हे हिला गरजेचं आहे का?"

"गरजेचं नाही, आजी," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "हौसेचं आहे. म्हणूनच सगळं शंभर टक्के नीट असेल तरच करायचं. काही चुकलं तर थांबायची सोय आहे, ती वापरायची."

आई म्हणाल्या, "हौस आहे ना, मग होऊ दे. पण घरी मी असते. मुलगा ऑफिसला जातो. मी काय बघायचं, कधी घाबरायचं आणि कधी नाही, ते मला सांगा." त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पोटरीचं दोनदा विचारलं. मी इतकी घोकंपट्टी केली होती, पण ऑपरेशननंतर मला उठवणार कोण, आंघोळ घालणार कोण, हे कुणालाच विचारलं नव्हतं. जे मी घरात लपवलं होतं त्याची काळजी घरातच घ्यावी लागणार होती, इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

दुसऱ्या खेपेला सगळं सुरळीत पार पडलं. आधी उभं करून डॉक्टरीणबाईंनी पोटावर पेनाने गोल काढले, मी खडूने काढते तसेच. जाग आली तेव्हा अंग ठेचल्यासारखं दुखत होतं, पण मी खूश होते. पहिल्या रात्री अंथरूण ओलं झालं. आईंनी जुनी चादर बदलली आणि म्हणाल्या, "पाणी आहे. घाबरायचं नाही, सांगितलंय." दर थोड्या वेळाने मला उठवून पॅसेजमध्ये चालवायचं काम त्यांनी असं केलं, की नवऱ्याने त्यांना 'हवालदार' म्हणायला सुरुवात केली.

मग पट्टा काढून अंग पुसायचा दिवस आला. पट्टा सुटला की चक्कर येऊ शकते म्हणून त्यांनी मला आधी पलंगावर बसवलं. पट्टा सुटला आणि मी खाली बघितलं. पोट सुजून पूर्वीपेक्षा मोठं, जांभळाच्या रसात बुडवल्यासारखं. सूज येते हे मला पाठ होतं, तरी डोळ्यांत पाणी आलं. आणि ज्यांच्यापासून इतकी वर्षं पदराने, ओढणीने ते झाकलं होतं त्या समोर बसून ओल्या फडक्याने ते हळूहळू पुसत होत्या.

"बोला काय बोलायचं ते," मी म्हणाले. "आता लपवायला काही राहिलं नाही."

त्यांनी सिझेरियनच्या जुन्या व्रणावरून फडकं जपून फिरवलं. "मी तुझ्या पोळ्यांना नावं ठेवली," त्या म्हणाल्या. "स्कूटरला ठेवली. पोटाला कधी ठेवलीत का, आठव. माझी दोन्ही नातवंडं त्यातून आली."

मी आठवून बघितलं. खरंच, कधीच नाही. मला रडू आवरेना, आणि रडताना पोट हलून दुखायला लागलं.

"रडणं नंतर," आई पट्टा गुंडाळत म्हणाल्या. "आधी श्वास आत घे. खालचे हुक लागत नाहीयेत."